गडाच्या वाटेवरचे बाण

शकूने शेणाचा गोळा दगडावर थापला आणि पांढऱ्या बाणावरून हात फिरवला. बाण दिसेनासा झाला, तरी हात थांबेना. अंगण सारवायची सवय ती. दगडावरसुद्धा बोटांचे अर्धगोल सुबक उठले. मग ती ओढ्यावर हात धुऊन आली आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने ओट्यावर तांदूळ निवडत बसली.

तळ्याच्या गडाची वाट तिच्या अंगणाखाली फुटते. डावीकडची गडावर जाते. दरवाजा, पाण्याची टाकी, बुरूज, सगळं तिकडे. उजवीकडची करवंदीच्या जाळीत शिरते आणि तिथेच संपते. चढ काही फार नाही, शाळेची पोरंही खेळत चढतात. पूर्वी फाट्यावर आलं की माणूस थबकायचं, वर बघायचं आणि हाक मारायचं, "मावशी, गड कुठल्या बाजूला?" त्या एका हाकेवर शकूचा दिवस निघायचा. ती पाणी द्यायची, गाव विचारायची, लग्न झालं का तेही विचारायची आणि बोलता बोलता डाव्या वाटेवर थोडं पोचवून यायची. एकदा एका चष्मेवाल्याने तिला सांगितलं, की हा सगळा काळा कातळ कोणे एके काळी तापलेल्या रसासारखा वाहत होता. "बरं झालं म्या तवा नव्हते," शकू म्हणाली, "लुगडं जळलं असतं माजं." सगळे हसले. ते हसू तिला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

वाडीतली बाकीची घरं खाली नळ आला तशी रस्त्याला गेली. मुलगा न्हावा शेव्याला, कंटेनरच्या कामावर. गणपतीला येतो आणि गणपतीबरोबरच जातो. मागे राहिली शकू आणि तिची गाय. दिवस कलला की घर खायला उठायचं.

त्यात हे बाण आले. मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने ते अलीमियाँकडून रंगवून घेतले. अलीमियाँ खाडीकडच्या गावचा. उभी हयात कुवेतला रंगकाम केलेलं, पोरं अजून तिकडेच, एवढं शकूच्या कानावर होतं. बाण आले आणि हाका बंद झाल्या. माणसं एक डोळा फोनवर, एक डोळा बाणावर ठेवून अंगणाखालून निघून जायची. म्हणून तिने शेण उचललं.

दर शनिवारी म्हातारा रंगाचा डबा घेऊन यायचा, दगड धुवायचा आणि बाणावर पुन्हा ब्रश मारायचा. तो गेला की शकू पुन्हा माखायची. क्लबाने काम एकदाच सांगितलं होतं म्हणे, पण हा मेला दर शनिवारी हजर. लांबून त्याची टोपी दिसली की ती दार लोटून घ्यायची. तिच्या लेखी त्याच्याएवढा वैरी दुसरा कोणी नव्हता.

एका रविवारी ती गाय घेऊन दूर गेली होती. परत आली तर अंगणात एक मुलगी रडत बसलेली. मृणाल तिचं नाव. एकटीच गड बघायला आली होती. फाट्यावर बाण दिसला नाही, हाक मारली तर घरात कोणी नाही, म्हणून ती उजवीकडे वळली आणि दुपारभर त्या जाळीत अडकून पडली. हातपाय काट्यांनी सोलले होते. एक बूट तिकडेच राहिला होता.

"मी खूप ओरडले, मावशी," ती म्हणाली. "कोणालाच ऐकू गेलं नाही."

शकूने तिच्या जखमांवर हळद दाबली. हाक मारावी आणि कोणी ओ देऊ नये, म्हणजे काय असतं ते तिच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? तेच तिने परक्याच्या लेकीच्या पदरात टाकलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली. मुलीला रस्त्यापर्यंत नेऊन तिने रिक्षात बसवलं. परतताना ओल्या फडक्याने एकेक दगड स्वच्छ केला आणि देवीची शपथ घेतली.

तो आठवडा सुना गेला. बाण लख्ख दिसत होते. माणसं आली, गेली. कोणीतरी खालूनच हात हलवला, तिनेही हलवला. बोलली ती फक्त गाईशी, आणि शेवटी शेवटी गाईशीही बोलायचं काही उरलं नाही.

शनिवारी अलीमियाँ आला. शकू दाराच्या फटीतून बघत होती. फाट्यावरचा दगड त्याने वाकून पाहिला. डाव्या वाटेने थोडा वर जाऊन पुढचेही पाहून आला. डबा उघडलाच नाही. मग त्याने मान वर करून तिच्या घराकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या अंगणाची चढण चढू लागला.

शकू फटीपासून मागे सरली. त्या मुलीने सांगितलं असणार. आता पंचायतीत नाव निघणार, मुलाच्या कानावर जाणार, म्हातारपणी तोंडाला काळं लागणार. चोराच्या मनात चांदणं. त्याने हाक मारायच्या आतच ती दार उघडून बोलून मोकळी झाली.

"म्या सोडलंय आता ते. देवीची शपथ हाय. ह्या आठवड्यात एका बाणाला हात लावला न्हाय."

"तेच बघून आलो," अलीमियाँ म्हणाला. त्याला धाप लागली होती. धाप जराशी ओसरल्यावर त्याने डबा खाली ठेवला. "दर शनवारी शेण दिसायचा. आज कुठंच दिसला न्हाय. जीव घाबरला. म्हटला, बाईला काय झाला तं न्हाय?"