‘परहॅप्स’ कधी म्हणायचं

१९६४ साली ती कारखान्याच्या टेलिफोनवर नोकरीला लागली. तिथं इंग्रजीतच बोलावं लागे. टेलिफोनवरच्या मोठ्या बाईंनी शिकवलं, “माणूस गेला, हे फोनवर सांगायचं नसतं गं. ‘परहॅप्स’ म्हणायचं आणि घरी कुणाला तरी पाठवायचं.”

त्याच वर्षी बॉयलर फुटला. “आमचे हे जिवंत आहेत ना?” फोनमागून फोन येत होते आणि गेलेल्यांच्या बायकांना ती ‘परहॅप्स’ सांगत होती. शेवटी तिनं धीर केला. “बाई, आमचे हेही आतच होते. ते...?”

“परहॅप्स,” बाई म्हणाल्या.

तिच्या हातून रिसीव्हर गळून पडला.

 

ढिगाऱ्याखालून निघालेला तिचा नवरा पुढे नातवंडं खेळवून गेला; बाई मात्र शेवटपर्यंत तिला शपथेवर सांगत राहिल्या, “अगं, मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं!”