चतुराबाईंचं मत

चतुराबाईंची नजर दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेली. म्हणून सरपंचाच्या निवडणुकीत टेंभुर्णीच्या केंद्रावर त्यांच्या वतीनं बटण दाबायला मुलगा राधेश्याम सोबत गेला. आईनं घरीच बजावलं होतं, "किटलीवर दाब बाबा. शालूच निवडून याया पाह्यजे, पाण्याचं तीच बघंल." राधेश्याम "बराबर" म्हणाला. पण पंधरा दिवस तो शालूविरुद्ध उभ्या असलेल्या कपबशीवाल्या बबलूच्या जीपमधून फिरला होता, आणि बबलूच्या मटणाचा रस्साही त्यानं मन लावून ओरपला होता.

केंद्रावरच्या साहेबांनी त्याच्याकडून लिहून घेतलं की, मतदाराच्याच मर्जीनं बटण दाबीन आणि मत गुप्त ठेवीन. यातली दुसरी अट त्यानं इतकी काटेकोर पाळली, की कपबशीला गेलेलं मत खुद्द मतदारालाही कळू दिलं नाही.

परतताना मागं बसलेल्या आईचा चेहरा दिसू नये म्हणून त्यानं मोटारसायकलचा आरसा शेताकडं वळवून टाकला.

चतुराबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.


"चाळीस वर्षं तुझा बाप सांगंल तिथंच मत टाकीत आले रं. आज पहिल्यांदा माझ्या मनाचं पडलं."