एवढाच टोल

घंटेचा दोर हाती यायला दहा मिनिटं उरली होती, तेव्हा बिशपांच्या हाताखालच्या आर्चडीकनसाहेबांनी वेदीमागच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"तुमच्या कानावर घालून ठेवतो. ही पॅरिश वर्षभरात नदीपलीकडच्या पॅरिशला जोडणार. मग इथं वेगळा पाळक राहणार नाही. बिशपसाहेबांची सही झालीय. मंडळींना इतक्यात काही बोलू नका."

नव्या पाळकाचा हात झग्याच्या गुंडीवरच राहिला. "आणि मी?"

"होईल की कुठेतरी सोय. नेहमी होते."

होते खरी. अकरा वर्षांत पाच घरं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, याचं खोक्यांत, एवढाच काय तो फरक. काल उतरवलेल्या खोक्यांची एकही दोरी बायकोनं अजून सोडली नव्हती. सकाळी कात्री पर्समध्ये टाकत ती म्हणाली होती, "मागच्या ठिकाणी सात टोल दिलेत आणि दोन वर्षांत उठलो. त्याआधी दहा दिलेत, तेव्हा तर माझे पडदेसुद्धा शिवून झाले नव्हते. आज खरे असतील तेवढेच द्या. मग खोक्यांचं बघू."

रीतच तशी होती. नव्या पाळकानं चर्चच्या किल्लीवर हात ठेवायचा, आणि जितकी वर्षं राहणार तितके टोल द्यायचे.

"मग किती देऊ?" त्यानं विचारलं.

"द्या आठ-दहा. लोकांना बरं वाटतं. घंटेकडे कोण हिशेब मागायला येतंय?"

चर्च भरलं होतं. आर्चडीकनसाहेबांनी त्याला मागच्या दाराशी नेलं, हात धरून किल्लीवर ठेवला, नेमाचे शब्द म्हटले आणि दोर पुढे केला. सगळी मंडळी वळून बघत होती. शेवटून तिसऱ्या बाकावर बायको. तिची मूठ मोजायला तयार.

त्यानं दोर ओढला. एक.

दोर वर गेला, खाली आला. आर्चडीकनसाहेब मानेनं पुढचा टोल सुचवत होते. दुसरा टोल दिला असता तर मग दहाही देता आले असते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्यानं दोर सोडला.

कुणीतरी खोकलं. चर्चचा कारभार बघणारे म्हातारे वॉर्डन पुढे सरकले. "दोर अडकला का, पाळकसाहेब?"

"नाही. एवढाच."

आर्चडीकनसाहेबांनी तोंड फिरवलं. मंडळींत कुजबुज सुरू झाली. आता वेदीपर्यंत चालत जायचं होतं, आणि वाटेत तो बाक होता.

बायकोचं एक बोट अजून वर होतं. तो जवळ आला तसं तिनं ते मिटलं, पर्स उघडली आणि कात्री त्याच्या हातात दिली.

"घरी गेल्यावर दोऱ्या तुम्हीच कापा," ती म्हणाली. "सगळ्या."