आठच्या ठोक्याला

सिनेमातला रोबो एकट्या म्हातारीला रोज सकाळी विचारायचा, "आई, उठलीस का?"

"काहीतरीच दाखवतात मेले!" आई फणकारली. "यंत्राला कुठली आलीय माया? त्यासाठी पोटचा गोळाच लागतो. तू नाही का, इतक्या लांबून रोज आठच्या ठोक्याला मेसेज करतोस!"

चार वर्षांनी घरी आलेल्या लेकानं चॅनेल बदललं.

सकाळी ती चहा घेऊन त्याला उठवायला गेली. गडी ढाराढूर घोरत होता. झोपू दे बिचाऱ्याला, म्हणून ती पांघरूण सारखं करायला वाकली, तोच तिचा फोन वाजला. आठ वाजले होते. मेसेज लेकाचाच होता.



"आई, उठलीस का? तुझ्यावाचून इथे करमत नाही गं."