दोघांचं एकमत

ट्रक विकला की एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, एवढ्यावर दोघा भावांचं एकमत होतं. त्यामुळे वडिलांच्या जुन्या ट्रकचा कार्ब्युरेटर ते अगदी मन लावून बसवत होते.

"आई, त्याला सांग, स्टार्टर मार," बॉनेटखालून धाकटा म्हणाला.

"त्याला म्हणावं, आधी हात काढ," केबिनमधून थोरला.

आईने दोन्ही निरोप पोचवले. स्टार्टर फिरला, कार्ब्युरेटरमधून भडका उठला आणि धाकट्याची बाही पेटली.

थोरल्याने उडी टाकून ती हातांनीच विझवली. "गाढवा, भाजलं का?"

"नाही रे दादा."

संध्याकाळी इंजिन सुरळीत चाललं. सकाळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा मात्र ढिम्म. कार्ब्युरेटरचा एक स्क्रूच गायब होता. दोघे एकमेकांना शिव्या घालत पुन्हा आत वाकले.

आईने चहा आणला. दोघांनी हात लावण्याआधीच कपांना पेट्रोलचा वास येत होता.