मांडीवरची बाग

"हात पुढे कर. कोपरातून जरा वाकव," शिंपी म्हणाला.

त्याच्या बायकोने हात पुढे केला. दवाखान्यातल्या चाकांच्या खुर्चीत बसलेल्या तिने माप कशाचं, हे विचारलंही नाही. शिंप्याने खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत टेप धरला. मग जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. मग खुर्चीची रुंदी. नर्सला वाटलं, नवा झगा शिवायचा असेल. "उजळ रंगाचं कापड घ्या हं," ती म्हणाली.

"छान दिसेल," बायकोही म्हणाली.

हल्ली ती सगळ्यालाच छान म्हणायची. पायरीवरून घसरून पडली, कण्याला मार बसला, कमरेखालचं बळ गेलं, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. दवाखान्यातली अळणी भाजी छान. खिडकी उघडी असली तरी छान, बंद असली तरी छान. मागच्या अंगणातले गुलाब पाण्यावाचून वाळले, हे मुलीने भीत भीत सांगितलं, तर म्हणाली, "जाऊ दे गं." एकेकाळी याच बाईने न विचारता एक कळी खुडली म्हणून सख्ख्या नणंदेशी अबोला धरला होता. तिच्या बागेत शिरायचं तर चपला काढून आणि जीभ आवरून, असं घरात सगळे म्हणत.

डॉक्टरांनी शिंप्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हात धडधाकट आहेत त्यांचे. पण मनच लागत नाही, तर आम्ही तरी काय करणार?"

शिंपी घरी आला आणि थेट मागच्या अंगणात गेला. कापडावर आखावं तशी त्याने फरशीवर खडूने बाग आखली. मग दुकानात तो बसायचा ती चाकं लावलेली खुर्ची आणली, तिच्यात बसला आणि टाचांनी रेटत त्या रेघांमधून फिरू लागला. जिथे कोपर अडलं तिथली रेघ पुसली, वाट रुंद केली, पुन्हा फिरला. मुलगी दारात उभी राहून हसली, मग तिने हसू आवरलं.

शेजारच्या सुताराने पाय असलेल्या मोठमोठ्या लाकडी पेट्या बनवल्या. खुर्ची खाली सरकेल इतक्या उंच, हात मधोमध पोचेल इतक्या रुंद. बनवता बनवता तो म्हणाला, "मास्तर, फुलं जमिनीवर उगवतात. टेबलावर नाही."

"मला ती मांडीवर उगवायला हवीत," शिंपी म्हणाला.

पेट्यांत माती मात्र त्याने कुणाला भरू दिली नाही. स्वतःच कालवली, स्वतःच ओतली. आई घरी यायच्या आदल्या दिवशी मुलीने डेलिया, झिनिया आणि झेंडूची रोपं आणली. शिंप्याने ती सावलीत ठेवून दिली.

"आत्ता नको."

"बाबा, आई उद्या येणार. तिला दाखवायचं काय? नुसती माती?"

"हो. माती."

मुलगी धुसफुसत आत गेली. ज्याच्या हातची शिवण कधी उसवली नाही, तो माणूस काम असं अर्धवट टाकतोय, हे तिला बघवेना. बाबा दमलेत, असं तिने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शिंप्याने बायकोची खुर्ची अंगणात आणली. वळणावर कुठे चाक घासलं नाही. पहिल्या पेटीखाली तिचे गुडघे अलगद गेले. तिने पेट्यांवरून नजर फिरवली.

"छान केलंय," ती म्हणाली. "आता आत नेता का?"

"जरा थांब. दम लागलाय मला," म्हणत शिंपी पायरीवर टेकला.

ती थांबली. थांबल्या थांबल्या तिचा हात पेटीत गेला, जुन्या सवयीने मूठभर माती उचलली गेली. तिने ती दाबली. मूठ उघडली. गोळा तसाच राहिला, घट्ट. तिने बोटाने तो टोचून पाहिला, फुटला नाही.

"अहो."

"हं?"

"ही माती कुणी कालवली?"

"मी."

"यात फुलं लावायचीत की विटा पाडायच्यात?"

मुलगी जागच्या जागी थबकली.

"नुसती चिकणमाती ही. पाणी निथळणार कुठून? मुळं कुजतील. वाळू नाही, पानांचं खत नाही... इतकी वर्षं मी करत होते, तुम्ही काय बघत होता? आणि ती रोपं अशी कोंबून कुणी ठेवली? आण गं इकडे. डेलिया मागे, भिंतीकडे. झेंडू कडेने. हा कोपरा मोकळा ठेवा, इथे मी शेवंती लावणार, थंडीत फुलेल."

बरेच दिवस न वापरलेला तिचा आवाज चिरका झाला होता, पण भिंतीपलीकडे पोचत होता. सुताराने करवत थांबवून डोकावून पाहिलं आणि गुपचूप खाली बसला. तिने बाह्या वर सारल्या. ढेकळं बोटांनी फोडत, कोपरापर्यंत चिखलात माखत ती शिंप्याला बोलत राहिली. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"वाळू बघ गं कुठे मिळते का," तिने मुलीला फर्मावलं.

मुलगी अडगळीच्या खोलीत गेली. भिंतीला टेकून पोती उभी होती. एकात वाळू, दुसऱ्यात पानांचं खत, दोन्ही बारीक चाळलेली. तिने वाळू मुठीत घेऊन पाहिली. मग परत आली आणि वडिलांच्या कानाशी वाकली.

"बाबा, वाळू तर तुम्ही आधीच चाळून ठेवलीय. मग मातीत का नाही मिसळली?"

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. ती डेलियाचं रोप हातात धरून त्याची मुळं मोकळी करत होती.

"सगळं नीट करून ठेवलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर ती आत जाऊन निजली असती."