उंबऱ्यापर्यंतची ओळ

"गोळी खा, डबा घे, वही दप्तरात भर म्हणलं, तर गोळी खाऊन उभीच हाय ही," श्रीशैल लेकीवर करवादला. त्रिवेणीनं मान खाली घातली. फिटांच्या आजारानं तिच्या ध्यानात एकावेळी एकच गोष्ट राहते, असं डॉक्टर म्हणाले होते. श्रीशैलला तो आळस वाटायचा. "लिंगपूजा कशी न चुकता करती? भस्म, बेल, फूल ओळीनं मांडलेलं असतंय म्हणून," त्रिवेणीची आई म्हणाली. दुसऱ्या सकाळी पूजेच्या पाटापासून दारापर्यंत आईनं गोळी, डबा, वही, दप्तर तसंच मांडलं. पूजा आटोपून त्रिवेणी उठली, एकेक घेत उंबऱ्याशी आली आणि तिथंच थांबली. पुढं काहीच मांडलेलं नव्हतं. आता श्रीशैल ओरडणार म्हणून आई धास्तावली. पण त्यानं, स्वतःच्या कपाळावरचं पूजेचं भस्म ओलं असतानाच, लेकीच्या चपला हातानं उचलल्या आणि उंबऱ्यापलीकडं, शाळेकडं तोंड करून मांडल्या.